मूळपुरुषाच्या मिशा

रायपूरच्या तोफखान्यांच्या घरात ग्रंथाचं एक पान वर्षातून एकदाच उलटलं जाई. तेही खांडेनवमीला, आणि तेही घरातल्या सगळ्यांत मोठ्या पुरुषाच्या हाताने. ग्रंथ फ्रेंचमध्ये होता आणि घरात कुणालाच फ्रेंच येत नव्हतं, त्यामुळे पान उलटायचं, हळदकुंकू वाहायचं आणि त्या पानावर जे चित्र निघेल ते पुढच्या वर्षाचं भविष्य मानायचं, अशी रीत पडली होती.

ही रीत अगदीच वेडी म्हणावी, तर तिने काही नेम अचूक साधले होते. ज्या वर्षी आबाजींचे धाकटे भाऊ शालिग्राम भांडून अभनपूरला वेगळे झाले, त्या वर्षी पानावर दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या होत्या. आबाजींचा मुलगा शेखर आणि विनोदिनी यांचं लग्न झालं त्या वर्षी एका राजाचं मुंडकं यंत्राखाली ठेवलेलं होतं, आणि विनोदिनीने ते गेल्या तीस वर्षांत शेखरला विसरू दिलं नव्हतं. आबाजी, म्हणजे यशवंतराव, रेल्वेतून सेवानिवृत्त झाले त्या वर्षी तर एक ठेंगणा सेनापती समुद्रातल्या खडकावर एकटाच हाताची घडी घालून उभा होता. आबाजी ते चित्र बराच वेळ पाहत बसले होते आणि त्या दिवशी जेवले नव्हते.

अडचण अशी होती की पानं संपत आली होती. तीन वर्षांपूर्वीच्या नवमीला आबाजींच्या लक्षात आलं की आता त्या दिवसाच्या पानासकट चारच पानं उरली. म्हणूनच शेखरची मुलगी क्षमा हिने एम.एस्सी. झाल्यावर फ्रेंच शिकायचं म्हटलं, आणि शेखरने "आधी लग्न" म्हटलं, तेव्हा आबाजींनी काठी आपटली होती. "पोट्टी शिकंल. पानं संपायच्या आधी या घराले ग्रंथाचा अर्थ समजला पाहिजे. तिनं ग्रंथ वाचावा, मंग तिले जिकडं जायचं तिकडं जाऊ द्या."

क्षमाला जायचं होतं फ्रान्समधल्या लिऑनला. लोखंडाच्या भट्टीतल्या मळीवर संशोधन करायला तिथल्या प्रयोगशाळेने तिला घेतलं होतं आणि नोव्हेंबरच्या तीन तारखेला हजर व्हायचं होतं. आज नवमी होती. शेवटचं पान उलटायचं होतं. आणि क्षमाने ग्रंथ वाचला होता.

तीन आठवड्यांपूर्वी आबाजींनी तो लाल खणातून काढून पहिल्यांदाच तिच्या हाती दिला, तेव्हा वाचायच्या आधीच तिला शंका आली. घरात सांगितलं जाई की मूळपुरुष रामजी तोफखाने नागपूरकर भोसल्यांच्या तोफखान्यात होते, आणि त्यांनी एका फ्रेंच गोलंदाज सरदाराचा जीव वाचवला म्हणून त्याने हा ग्रंथ बक्षीस दिला. म्हणजे कागद निदान सव्वादोनशे वर्षांचा हवा. त्या काळचा कागद चिंध्यांपासून करत. तो इतक्या वर्षांनीही पांढरट राहतो. ग्रंथाचा कागद तपकिरी झाला होता आणि कोपरा दुमडला की कटकन तुटत होता. हा लाकडाच्या लगद्याचा कागद, आम्ल धरलेला, फार तर एकशे चाळीस वर्षांचा.

मग तिने वाचलं. ती तिसरीच्या मुलांसाठी लिहिलेली फ्रान्सच्या इतिहासाची शाळकरी पोथी होती. प्रत्येक धड्याखाली प्रश्न होते. एकतिसाव्या पानावर कुणी तरी एका राजाला शाईने चष्मा काढला होता.

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक नक्षीदार चौकट होती. तिला घरात 'सरदाराची मुद्रा' म्हणत, आणि तिच्यावर दर नवमीला हळद चढत गेल्यामुळे तिथे आता नुसता पिवळा थर होता. क्षमाने एका कोपऱ्यावर आधी करून पाहिलं, मग कापसाला स्पिरिट लावून थराचा वरचा भाग हलकेच टिपला. हळद स्पिरिटमध्ये विरघळते, छापाची शाई विरघळत नाही. खालून अक्षरं आली: मुलांची शाळा, चंदननगर. बक्षीस. इयत्ता तिसरी. पाठांतर. एवढ्यात शेजारच्या खोलीत आबाजी खोकले, आणि आपण कुणाची तरी नव्वद वर्षांची पूजा पुसतो आहोत असं वाटून तिने हात आवरला. खालचा अर्धा भाग तसाच राहिला.

"दोन ओळी गोड वाच अन् मोकळी हो," स्वयंपाकघरात पाटवड्या कापता कापता विनोदिनी म्हणाली. आईला कचऱ्यातला पिवळा कापूस सापडला होता, त्यामुळे तिच्यापासून काही लपलं नव्हतं. "शूर होते, खरे होते, सरदार खूश झाले. कोन तपासून राहिलं?"

"नादिया तपासेल ना."

विनोदिनीची सुरी थांबली. "तिले कोनं बोलावलं?"

"आबाजींनीच. मी म्हटलं सिलतऱ्याला आमच्या लोखंडाच्या प्लांटमध्ये भट्टीच्या कामासाठी एक फ्रेंच इंजिनिअर आलीये, माझ्या लॅबमध्ये बसते. झालं. ग्रंथाच्या देशाचं माणूस आहे म्हणाले, नवमीला जेवायला आलंच पाहिजे."

"मंग आता देवच," विनोदिनी म्हणाली, आणि सवयीने एक पाटवडी क्षमाच्या तोंडात कोंबली.

बाहेर गाडीचा दरवाजा आपटला. शालिग्राम आजोबा अभनपूरहून आले होते, आणि नेहमीप्रमाणे चप्पल काढायच्या आधी भांडणाला सुरुवात झाली.

"दादा, एक गोष्ट आधी ठरवू. आज अर्थ निघाला अन् ग्रंथ खराच सरदाराचा निघाला, तर तो अभनपूरले येईन. अठ्ठेचाळीस वर्षं तुह्यापाशी आहे."

"बस तर खरं, शालिक," आबाजी म्हणाले. ते नवं धोतर नेसून पाटाशेजारी ताठ बसले होते. पाटावर शेखरचा वॅगन दुरुस्तीचा मोठा पाना, विनोदिनीची कात्री आणि नातू विशालचा लॅपटॉप मांडलेला होता. चार्जरसुद्धा होता, कारण एका वर्षी त्याची पूजा राहिली आणि तो जानेवारीत जळला. सगळ्यांच्या वर ग्रंथ. "मोठ्याच्या घरी राहते वस्तू. तोफा कधी वाटून घेतल्या का कोनी?"

"तोफ कुठं आहे? पुस्तक आहे."

"ग्रंथ!" आबाजी आणि शेखर एकदम म्हणाले.

शेखर बोलला की त्याच्या मिशा हलत. त्या मिशा हाही घराण्याचा ठेवाच होता. समोरच्या भिंतीवर हार घातलेली मूळपुरुष रामजींची मोठी रंगीत तसबीर होती. तिच्यात जशा ओठांच्या दोन्ही बाजूंनी हनुवटीखाली उतरलेल्या, दोरखंडासारख्या मिशा होत्या, तशाच शेखरने विसाव्या वर्षापासून राखल्या होत्या. तसबीर ग्रंथातल्या पहिल्याच चित्रावरून आबाजींनी पन्नास वर्षांपूर्वी सदर बाजारातल्या स्टुडिओत मोठी करून घेतली होती. स्टुडिओवाल्याने मूळच्या शिरस्त्राणाची पगडी केली, त्यावरच्या दोन पंखांचे तुरे केले आणि कपाळावर टिळा लावला. हातातली लांबट ढाल आणि चौकडीची विजार मात्र तशीच राहिली. चौकडी नागपुरी मागावरची, असा खुलासा तेव्हाच झाला होता.

ते चित्र कुणाचं होतं, हे क्षमाला आता माहीत होतं. तसबिरीखाली बाबा मिशीला पीळ देत उभे होते आणि तिला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

"आ गईं मॅडम," विशालने खिडकीतून सांगितलं. विशालला मराठी सगळं कळे, पण तोंडातून हिंदीच येई.

नादिया पस्तिशीची, काळ्या कुरळ्या केसांची, सावळी बाई होती. तिने दारातच हात जोडून "नमस्ते" म्हटलं. शालिग्राम आजोबांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि क्षमाच्या कानाशी लागले. "हे फ्रान्सची आहे? हे तर आपल्या बिलासपूरच्या इंदूसारखी दिसते."

"फ्रान्सचीच आहे, आजोबा."

"मंग गोरी काहून नाही?"

नादियाला शब्द कळले नाहीत, पण नजर कळली. ती क्षमाला फ्रेंचमध्ये म्हणाली, "माझ्या गावी, फ्रान्समध्ये, हाच प्रश्न मला दर आठवड्याला विचारतात. सिलतऱ्यात कुणी विचारत नाही. तिथे मी चोवीस तास फ्रेंच असते."

क्षमाने ते जमेल तसं मराठीत सांगितलं. आबाजींनी मान डोलावली. "आमचंही तसंच, बाई. नागपूरले गेलो का म्हनतात छत्तीसगढी आले. इथं चार पिढ्या झाल्या, तरी आम्ही नागपूरवालेच."

इतक्यात नादियाची नजर तसबिरीवर गेली. ती उठली, जवळ गेली, मान तिरकी करून टिळ्यापासून विजारीपर्यंत पाहिलं. मग शेखरकडे पाहिलं. पुन्हा तसबिरीकडे. तिने तोंडावर हात ठेवला, पण डोळे हसत होते.

"काय म्हनते ते?" आबाजींनी विचारलं.

"मूळपुरुषांना ओळखते का, विचार तिला," शेखर अभिमानाने म्हणाला.

क्षमाने विचारलंच नाही. पण नादिया बोलली, आणि सगळे क्षमाच्या तोंडाकडे बघू लागले. विनोदिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन डोळ्यांनी खुणावत होती: गोड, गोड.

क्षमाने तोंड उघडलं. शूर होते, खरे होते, ही वाक्यं जिभेवर तयार होती. पण समोर आबाजी चष्मा पुसत होते. चांगलं दिसावं म्हणून नव्हे, चांगलं ऐकू यावं म्हणून. महत्त्वाचं काही ऐकायचं असलं की ते आधी चष्मा पुसत. या माणसाने तिच्यासाठी काठी आपटली होती, ती खोटं ऐकायला नव्हे.

"आबाजी," ती म्हणाली, "ती विचारते आहे की आमच्या पूर्वजाला टिळा कुणी लावला?"

"आमच्या म्हनजे?"

"त्यांच्या. हे रामजी नाहीत. हा गॉल आहे. दोन हजार वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये जे लोक राहायचे, त्यांचा सरदार. तिकडच्या शाळेत मुलांना पहिल्या धड्यात शिकवायचे की आपले पूर्वज गॉल, धिप्पाड, निळ्या डोळ्यांचे, पिवळ्या केसांचे, लांब मिशांचे. त्या धड्यातलं चित्र आहे हे." तिने एक श्वास घेतला आणि उरलेलं एका दमात सांगून टाकलं. "ग्रंथ म्हणजे तिसरीचं इतिहासाचं पुस्तक आहे. भोसल्यांच्या काळातलं नाही. १८८७ साली छापलेलं, बंगालमधल्या चंदननगरच्या शाळेतलं. तिथे फ्रेंचांचं राज्य होतं."

कुकरची शिट्टी झाली. ती कुणी मोजली नाही.

शेखरचा हात मिशीवरून खाली आला. आबाजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला, आणि मांडीवर ठेवला. क्षमाला वाटलं होतं शालिग्राम आजोबा आता टाळी देऊन हसतील. अठ्ठेचाळीस वर्षं ते याच दिवसाची वाट पाहत होते. ते उठलेच, पण भावाशेजारी जाऊन बसले.

"दादा, पानी पी," ते म्हणाले. मग क्षमाकडे वळून ओरडले, "काहीही सांगून राहिली! तिसरीचं पुस्तक म्हनजे? मंग मी अठ्ठेचाळीस वर्षं तिसरीच्या पुस्तकासाठी भांडलो का? ग्रंथच आहे तो!"

"आजोबा, एकतिसाव्या पानावर राजाला चष्मा काढलाय."

"असंल त्या राजाले चष्मा!"

"आठशे वर्षांपूर्वी?"

"तोफखान्यांच्या घरात ग्रंथावर कोनी रेघ मारनार नाही," आबाजी म्हणाले. आवाज अगदी हलका होता. "मी जातो जरा आत."

ते उठू लागले. क्षमाने पुढे होऊन हात धरला, तो त्यांनी सोडवला नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही.

नादियाला भाषा कळत नव्हती, पण घरातला म्हातारा माणूस उठून आत निघाला की काय झालं ते कुठल्याही देशात कळतं. ती पाटासमोर खाली बसली. क्षमाला विचारून, हात धुऊन, तिने ग्रंथ उघडला. पहिला धडा काढला, आणि मग पुस्तकाकडे न पाहता, डोळे मिटून, शाळेतल्या मुलासारखं एका सुरात म्हणायला लागली. आबाजी दाराशी थांबले.

"हे तिला पाठ आहे?" शेखरने विचारलं.

नादियाने सांगितलं आणि क्षमाने वाक्यामागून वाक्य मराठीत आणलं. नादियाचे आजोबा अल्जेरियातले, ओरान शहरातले. तिथेही फ्रेंचांचं राज्य. घरी अरबी, शाळेत हे. पन्नास मुलं, सगळ्यांचे केस काळे, आणि सगळी ओरडून म्हणायची की आमच्या पूर्वजांचे केस पिवळे होते. एखादा शब्द चुकला की हातावर पट्टी. पुढे ते कामाला फ्रान्समध्ये आले. तिथली पोरं त्यांना परकं म्हणायची, पण धडा अर्ध्यावर विसरायची. आजोबांना मात्र शेवटपर्यंत पाठ होता. नातवंडांना झोपवताना ते गंमत म्हणून तोच म्हणायचे.

"ती म्हणते," क्षमा म्हणाली, "एवढ्या मोठ्या देशात सगळ्यांचा आजोबा एक कुठून असणार? म्हणून एक ठरवला आणि सगळ्यांकडून पाठ करून घेतला."

आबाजी परत येऊन बसले. "तिच्या आजोबांनी मास्तरले सांगितलं नाही का, का बुवा माहे पूर्वज हे नव्हेत?"

क्षमाने विचारलं. नादिया हसली.

"सांगितलं असतं तर पट्टी मिळाली असती. धडा म्हटला म्हणून बक्षीस मिळालं."

"हुशार मानूस," शालिग्राम आजोबा म्हणाले. त्यांनी नादियाला परक्यांच्या रांगेतून काढून थेट घरच्या पाहुण्यांत बसवलं होतं. हे तिच्याकडे सरकवलेल्या उशीवरून कळलं.

नादियाने पुठ्ठ्याची आतली बाजू पाहिली आणि बोट ठेवलं. खाली आणखी दोन ओळी असणार, ती म्हणाली. बक्षिसाच्या चिठ्ठीवर शेवटी नाव लिहितात.

सगळ्यांनी तो पिवळा थर पाहिला.

"त्याच्यावर माह्या बापाच्या हातची हळद आहे," आबाजी म्हणाले.

"मग नको, आबाजी."

"माह्या मायचं कुंकू आहे."

"नको म्हटलं ना."

मग विनोदिनी आतून स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन आली आणि क्षमाच्या पुढ्यात ठेवला. मघापासून खोटं बोल म्हणणारी तीच. "आता आंघोळ घातलीच आहे तर नीट घाल," ती म्हणाली. "अर्ध्या ओल्या मानसाले बाहेर कोन आनते?"

"पुस, पुस," शालिग्राम आजोबा म्हणाले. "हळद उद्या पुन्हा वाहू."

आबाजींनी डोळ्यांवर चष्मा चढवला. हेच उत्तर समजून क्षमाने कापूस बुडवला.

ती घासत नव्हती, टिपत होती. एक बोळा पिवळा झाला की दुसरा. हा भाग हाताने, लोहाच्या काळ्या शाईने लिहिलेला होता; तीही स्पिरिटला दाद देत नाही, हे तिला माहीत होतं. नागमोडी, मास्तरी वळणाची अक्षरं एकेक करून वर आली. क्षमाने वाचलं, आणि मग पुन्हा वाचलं, कारण एकदाच मिळालेल्या निकालावर विश्वास ठेवायचा नाही, असं ती शिकली होती.

"बाळाजी तोफखाने," ती म्हणाली. "१८९१."

बाळाजी म्हणजे आबाजींचे आजोबा. हाच ग्रंथ छातीशी धरून ते रेल्वेच्या कामावर रायपूरला आले, एवढंच घरात माहीत होतं. त्यांचा फोटो नव्हता. त्यांचे वडील बंगालात कुठेशी चाकरीला होते, हेही कुणी तरी सांगे, पण तोफा आणि सरदारांपुढे त्या चाकरीची चौकशी कधी झाली नव्हती.

"दादाजी," विशाल हळूच म्हणाला, "तो चश्मा आपके दादाजी ने बनाया है."

आबाजींनी ग्रंथ ओढून घेतला. एकतिसावं पान काढलं. राजाच्या नाकावरचा तो वाकडा चष्मा त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, आणि त्याच्यावरून हळूच अंगठा फिरवला. एक काडी लांब, एक आखूड. शालिग्राम आजोबाही वाकून पाहत होते. दोघा म्हाताऱ्यांची डोकी एकमेकांना टेकली होती आणि अठ्ठेचाळीस वर्षांत हे घरात कुणी पाहिलं नव्हतं.

"दहा वर्षांचं पोट्टं," आबाजी म्हणाले. "परमुलुखात. काळे केस. उभं राहून सांगत असंल, आमचे पूर्वज पिवळ्या केसांचे."

"अन् बक्षीस घेऊन आलं," शालिग्राम आजोबा म्हणाले.

"मग सरदाराची गोष्ट कुठून आली?" शेखर विचारत होता. तो आरशासमोर जाऊन परत आला. "मिशा काढू का मग?"

"ठेवा," विनोदिनी म्हणाली. "तीस वर्षं सहन केल्या, आता कुठं सवय झाली."

"अन् हे?" शेखरने तसबिरीकडे बोट केलं.

"राहू दे त्याले," आबाजी म्हणाले. "एवढी वर्षं हार घातला. आता या वयात कुठं जाईन तो?"

मग त्यांनी शेवटचं पान उलटलं. त्यावर चित्र नव्हतं, नुसते सरावाचे प्रश्न होते. पुढच्या वर्षाचं भविष्य म्हणून हे चालेल का, यावर शालिग्राम आजोबा काही बोलणार होते, पण आबाजी पुन्हा पुठ्ठ्याकडे वळले होते. चिठ्ठीवरच्या एका शब्दावर त्यांचं बोट थांबलं होतं. नावाच्या अगदी खाली होता तो, आत्ताच मोकळा झालेला.

"हे काय लिहिलं?"

क्षमाने वाकून वाचलं. आज लपवून उपयोग नव्हता. "दुसरा क्रमांक."

"दुसरा?"

"हो."

आबाजींच्या कपाळावर आठी चढली. मघाशी घराण्याच्या सगळ्या तोफा एका वाक्यात गेल्या तेव्हाही अशी आठी आली नव्हती. "अन् पहिला कोन आला?"

"ते यात नाही, आबाजी. ते शाळेच्या दप्तरात असेल."

"चिटिंग झाली असंल," शालिग्राम आजोबा ठामपणे म्हणाले. "मास्तरचं पोट्टं असंल वर्गात."

"कुठं आहे ते दप्तर? हिले विचार," आबाजी म्हणाले.

नादियाने सांगितलं की फ्रेंचांनी आपल्या वसाहतींचे बरेचसे जुने कागद फ्रान्सच्या दक्षिणेला एका दप्तरखान्यात नेऊन ठेवलेत. शाळेचे मिळतील की नाही सांगता येत नाही. लिऑनहून तीन-चार तासांची गाडी.

आबाजींनी ग्रंथ मिटला, खणात गुंडाळला आणि, शालिग्राम आजोबांनी हात पुढे केला आहे हे पाहून, त्यांच्या मांडीवर ठेवला. "वर्षभर ठेव अभनपूरले. चष्म्याच्या पानावर हळद नको लावू." मग क्षमाकडे वळले. आता ते तिच्याकडे नीट, चष्म्यातून पाहत होते.

"तीन तारखेले हजर व्हायचं ना तुले?"

"हो, आबाजी."

"लोखंडाचं जे काय आहे ते कर सावकाश. पन आधी त्या दप्तरखान्यात जाजो. पहिला आलेल्याचं नाव आनजो," ते म्हणाले, आणि पाटवडीचं ताट जवळ ओढून घेतलं. "आडनावासकट."